खुर्च्यांना मापाच्या कापडी खोळी शिवायच्या आहेत : नागपूरच्या उन्हात आणि कूलरपुढे काय टिकेल?

सागवानी

नमस्कार मंडळी. लक्ष्मीनगरच्या घरी जेवणाच्या टेबलाला सहा सागवानी खुर्च्या आहेत. आजोबांनी सी.पी. टीक (जुन्या मध्य प्रांतातला साग) आणून, सुताराला अंगणात बसवून करून घेतलेल्या. लाकूड आजही ठणठणीत आहे. बैठकीवर मात्र मरून मखमल खिळ्यांनी ठोकलेलं आहे आणि त्यावर तर्रीपासून आमरसापर्यंत सगळ्याच्या खुणा आहेत. शिवाय हॉलमध्ये दोन गुबगुबीत हाताच्या खुर्च्या आणि गॅलरीत एक वेताची.

खुर्च्या बदलायचा प्रश्नच नाही. काढता-घालता येतील, घरी धुता येतील अशा खोळी प्रत्येक खुर्चीच्या मापाने शिवून हव्या आहेत. ताणून बसवायच्या तयार खोळी ऑनलाइन पाहिल्या, पण एकच माप सगळ्या खुर्च्यांना कसं बसणार?

कापड कोणतं घेऊ, किती लागेल, आणि शिवायला कुणाकडे देऊ? ड्रेसवाला टेलर की सोफा रिपेअरिंगवाला? दिवाळीच्या आधी व्हायला हवं. घराचं मंगल कार्यालय मात्र व्हायला नको.

प्रतापनगर_चौक

तयार लायक्राच्या घेऊ नका. जानेवारीत छान वाटतात. मे महिन्यात ४५ डिग्रीत त्यावर बसून जेवा, उठताना खोळ सोबत येते.

मांडवातला_भाचा

माझ्या मामांचं बिछायत केंद्र आहे, म्हणून सांगतो. पाठीमागे बो बांधू नका. बो दिसला की आपल्याकडचा माणूस आधी बुफेची लाइन शोधते.

बाकी मंगल कार्यालयातल्या खोळी मुद्दामच ढगळ शिवलेल्या असतात. पाचशे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तासाभरात चढवायच्या असतात न. साटीन घेतात कारण ते झटकन सरकते आणि दिव्यात चमकते. घरात या दोन्हीचं काही काम नाही.

उरेब_पट्टी

सागवानीताई, मी घरून पडदे, अभ्रे, खोळी शिवून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कापडाआधी खोळीचा प्रकार ठरवा. जेवणाच्या खुर्चीला एकतर फक्त बैठकीची खोळ करतात. वर चौकोन, बाजूंनी तीन इंच उतार आणि मागच्या दोन खांबांना बांधायला बंद. नाहीतर पाठीवरून थेट जमिनीपर्यंत जाणारी पूर्ण खोळ. तुमचं लाकूड एवढं चांगलं असेल तर ते झाकूच नका, हे माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण खोळ शोभते ती पाठ सपाट आणि गादीदार असलेल्या खुर्चीला.

हिशोब असा. बैठक १८ बाय १८ इंच धरली, त्यात उतार आणि माया मिळवली की २६ इंचांचा चौकोन होतो. ५४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) असे दोन बसतात. सहा खुर्च्यांच्या तीन ओळी, म्हणजे साधारण दोन मीटर. बंद, पट्ट्या आणि आटणं धरून अडीच मीटर घ्या. पूर्ण खोळ म्हटली तर एकेका खुर्चीलाच दोन ते सव्वादोन मीटर जातं. मोठी फुलं किंवा चौकडा जुळवायचा असेल तर त्याहून जास्त.

खोळ नीट बसते की लोंबते हे मागच्या कोपऱ्यात ठरतं. पाठीचे खांब बैठकीतून वर जातात तिथे कापडाला खाच द्यावी लागते. बरेच टेलर टेपने माप घेऊन सरळ चौकोनी खाच कापतात. पण जुन्या खुर्चीचे खांब मागे कललेले असतात आणि बैठक पुढे रुंद, मागे निमुळती असते. म्हणून आधी मांजरपाट खुर्चीवर पसरायचं. मधोमध टाचण्या, मग खडूने खांबाच्या आतल्या कडेला रेघ. बाहेरून त्या कोपऱ्याकडे तिरपी कात्री चालवायची आणि पाव इंच अलीकडे थांबायचं. मग कापड खांबाच्या दोन्ही अंगांनी आपसूक खाली उतरतं. त्या खाचेला उरेब (तिरपी कापलेली) पट्टीच लावायची, सरळ पट्टी वळणावर गोळा होते.

सहाही खुर्च्यांची मापं वेगवेगळी घ्या. हातकामाच्या खुर्च्यांत दोन सारख्या निघत नाहीत. खोळीच्या आत आणि खुर्चीच्या खाली एकच नंबर घाला, म्हणजे धुतल्यावर घोळ होत नाही. मांजरपाटाचा नमुना फेकू नका. पुढची खोळ त्यावरून कोणीही शिवेल.

सागवानी

उरेबताई, किती नीट सांगितलंत! खरंच, बैठक मागे निमुळती आहे, आत्ता टेप घेऊन पाहिलं. म्हणजे फक्त बैठकीच्या खोळी. कापडाबद्दल कोणी सांगेल का?

गांधीबाग_भाऊ

कापडाच्याच लाइनमध्ये आहो ताई, तर माझं ऐका.

शर्ट-ड्रेसचं कापड जास्ती करून ३६ नाहीतर ४४ पन्ह्याचं येते. पडदे-सोफ्याचं ५४ चं. लोकं मीटरचा भाव पाहून "हे स्वस्त आहे" म्हणते आणि पन्हा पाहतच नाही. घरी गेल्यावर कापड कमी पडते.

केसमेंट पडद्याले चांगलं, बैठकीले पातळ पडते. घ्यायचंच असलं तर खालून अस्तर लावा. बैठकीले डक, जाड ड्रिल नाहीतर घट्ट विणीची मॅटी, अशी जाड सुती कापडं. वजन अडीचशे ते साडेतीनशे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरले एवढे ग्रॅम. त्याच्यावर गेलं तर घरच्या मशीनची सुई तुटते, चार पदर एकावर एक आले की हमखास. ज्यूट-कॉटन दुकानात भारी दिसते, पण उन्हाळ्यात हाफ पँटीवर बसणाऱ्या पोट्ट्याइले विचारा, मांडीले कसं टोचते ते.

सगळं कापड एकाच थानातून काढून घ्या. नंतर दुसऱ्या लॉटचं आणलं तर रंगात फरक येते. आणि ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. थान दुकानाच्या पायरीवर नेऊन उजेडात पाहा, कोणी नाही म्हणत नाही.

मनीषनगर_४४०

मला हा सगळा व्याप पटत नाही. खोळ कितीही मापाची असो, बसून उठलं की सुरकुतते, सरकते, आणि रोज नीट करत बसावं लागतं. त्यापेक्षा खिळे उपटून जुनं मखमल काढा, नवा फोम टाका आणि चांगलं कापड ताणून ठोकून घ्या. दहा वर्षं पाहायला नको. आमच्याकडे तेच केलं.

उरेब_पट्टी

मनीषनगर, तुमचं अर्धं बरोबर आहे. फोम बसला असेल तर आधी फोमच बदलायला हवा. खड्डा पडलेल्या बैठकीवर कोणतीही खोळ सुरकुतणारच. पण ठोकलेलं कापड धुणार कसं? ज्या टेबलावर रोज वरण-भात, तर्री आणि मुलं आहेत, तिथे न निघणारं कापड दहा वर्षं ठेवणं मला पटत नाही. घाम, धूळ आणि जेवणाचा वास सगळा त्यातच मुरतो.

सरकण्याचं म्हणाल तर बैठक आणि खोळ यांच्यात ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी टाकायची. चार बोटं आत कापली की दिसतही नाही.

मनीषनगर_४४०

रबरी जाळीचं माहीत नव्हतं. तरी माझं मत कायम, हॉलसाठी तरी ठोकलेलंच.

कूलर_चालू_करा

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आपल्याकडे एप्रिल ते जून घरात डेझर्ट कूलर. कूलरच्या झोतासमोरच्या खुर्चीवर बारीक तुषार येतात आणि पाण्यातले क्षार कापडावर पांढरट डाग ठेवून जातात. गडद निळ्या कापडावर तर फारच दिसतात. कोरड्या उन्हात तरी सगळं लगेच वाळतं, पण पाऊस सुरू होऊन हवा दमट झाल्यावरही कूलर चालू ठेवला की कापडाला कुबट वास धरतो, फोमलासुद्धा.

म्हणून माझा सल्ला : झोताच्या रेषेत कापडी खुर्ची ठेवू नका, आणि पहिल्या पावसानंतर सगळ्या खोळी काढून एकदा धुवा. फोमही उघडा करून पंख्याखाली ठेवा. खोळ निघते म्हणून हे शक्य आहे, ठोकलेल्या कापडात हे जमणार नाही. (मनीषनगरभाऊ, रागावू नका.)

वऱ्हाडी_ठेचा

आणि खसाच्या ताटीचा वास खोळीले लागला तर? मी तर धुणारच नाही बापा, तसाच ठेवीन!

कोसा_आणि_काठ

मला वेगळं सुचवायचं आहे. एवढ्या सुंदर खुर्च्यांवर गिरणीचं डक कशाला? भंडाऱ्याकडे कोसा (टसर रेशीम) विणला जातो, करवती काठाच्या साड्या तिकडच्याच. करवती काठाचं कापड बैठकीवर किती देखणं दिसेल. आपल्या विणकरांच्या हाताला कामही मिळेल.

उरेब_पट्टी

भावना अगदी मान्य, पण कोशावर रोज बसू नये. बैठकीवर घासून धागे निघतात, शिवणीपाशी विण सरकते, आणि घरच्या मशीनमध्ये रोजच्यासारखं धुता येत नाही. कोसा वापरायचाच तर हॉलमधल्या उशांना वापरा, किंवा पाठीला वरून चार-पाच इंचांची काठाची पट्टी लावा. तिथे घासणं कमी.

हातमाग हवा असेल तर जाड खादी बघा. वर्ध्याला मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. फक्त ती आधी धुतल्याशिवाय कात्री लावू नका, आटते.

महालकर_काका

मांजरपाटाचा विषय निघाला म्हणून लिहावंसं वाटलं. जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती १८७७ साली, १ जानेवारीला. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्यावरून नाव. आजूबाजूला कापूस, हाताशी रेल्वे, म्हणून मुंबई सोडून इथे. आमच्या गल्लीत घरोघर कोणी ना कोणी मिलमध्ये होतं. भोंग्यावर स्वयंपाक व्हायचे. गादीची खोळ, पिशवी, उशीचा आतला अभ्रा, सगळं मिलच्या कापडाचं. धुवून-धुवून ते मऊ होत जायचं, फाटायचं मात्र नाही. आज त्या जागी मॉल आहे, आणि मॉलमध्ये बाहेरच्या गिरण्यांचं कापड. सागवानीताई, कापूस आपला आहे एवढं लक्षात ठेवून सुतीच घ्या.

सागवानी

काका, आमचे आजोबासुद्धा मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे असं बाबा सांगतात. सुतीच घेते.

रवीभवन_रोड

खुर्चीच्या खोळीचा विषय आणि साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल कोणाला आठवला नाही? आमच्या ऑफिसात दर सोमवारी धुतलेला टॉवेल पाठीवर यायचा. डिसेंबरात अधिवेशन आलं की रवी भवनकडे रंगरंगोटी, आणि आमच्याकडे नवे टॉवेल. पण त्यामागे कारण होतं. रेक्झिनच्या खुर्चीला डोक्याचं तेल आणि पाठीचा घाम लागायचा, टॉवेलने दोन्ही शोषलं जायचं. जेवणाच्या खुर्चीला नको, पण हॉलमधल्या खुर्चीला डोकं टेकतं तिथे त्याच कापडाची वेगळी छोटी पट्टी शिवून घ्या. पूर्ण खोळ न काढता तेवढीच धुता येते.

उरेब_पट्टी

हे एकदम पटलं. हाताच्या पुढच्या टोकांनाही तशाच टोप्या शिवा, तिथेच सगळ्यात आधी काळं होतं.

लंडनहून_लक्ष्मीनगर

इकडच्या जुन्या वाड्यांत अठराव्या शतकातल्या खुर्च्या पाहायला मिळतात. रेशमी किंवा भरतकामाचं मूळ कापड वर्षभर चौकड्याच्या लिननच्या खोळीखाली असायचं. मोठे पाहुणे आले की खोळी काढायच्या, गेले की परत घालायच्या. खोळी मूळ कापड जपण्यासाठी होत्या, म्हणून साध्या आणि धुण्याजोग्या. अमेरिकेच्या दक्षिण भागातही उन्हाळा आला की लोकरी-मखमली खुर्च्यांवर हलक्या सुती खोळी चढवायची पद्धत होती, अंगाला गरम लागू नये म्हणून.

हे वाचताना वाटलं, नागपूरला याच कारणाने दोन जोड हवेत. मार्च ते जून फिकट, पातळ सुती, आणि दिवाळी ते संक्रांत जाड, गडद रंगाचा. सागवानीताई, मी पण लक्ष्मीनगरचाच, आठ रस्ता चौकाजवळ घर होतं!

सागवानी

अरे वा, मग तर शेजारीच! दोन जोडांची कल्पना फार आवडली. आता धुण्याबद्दल विचारते. सासूबाई म्हणतात कापड आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेव, रंग पक्का होतो. खरं का?

गांधीबाग_भाऊ

आमच्याइथं सगळे तसंच सांगते.

रंगारी_वस्ती

डाइंगचं शिक्षण झालं आहे, म्हणून सांगते. मीठ रंगवताना लागतं. रंगाच्या टबात मीठ असलं की रंग कापसाकडे जास्त जातो. पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग नंतर मिठाने पक्का होत नाही. सासूबाईंचं मन राखायला टाका, नुकसान काही नाही.

रंग जातो का ते पाहायचं तर कापडाचा कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल दाबून इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर ते कापड घेऊ नका. फिकट कपडे घालून बसणाऱ्या पाहुण्यांची काळजी आहे! आणि वाळवताना उलटी बाजू वर, सावलीत. आपलं ऊन एका उन्हाळ्यात निळ्याचा राखाडी करतं.

आधी धुणं मात्र टाळू नका. न धुतलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणजे १८ इंचांवर अर्धा ते जवळजवळ एक इंच. तेवढ्यात मापाची खोळ बसायची बंद होते. कडेला घालायची पायपीनची दोरीही भिजवून घ्या. ती नंतर आटली तर सगळी कड चुणते.

प्रतापनगर_चौक

आणि तर्री? सगळे रंग आणि कापड बोलून राहिले, तर्रीचं कोणी बोलत नाही. नागपूरच्या जेवणाच्या खुर्चीला खरी परीक्षा तीच.

रंगारी_वस्ती

तर्रीत दोन डाग असतात, तेलाचा आणि हळदीचा. दोघांचा उपाय वेगळा. आधी तेल : लगेच टॅल्कम पावडर किंवा बेसन भुरभुरवा, तासाभराने झटका, मग भांड्यांचा साबण लावून हलक्या हाताने चोळा. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. हळद अल्कलीत लालच होते. पाण्याने साबण पूर्ण काढला की परत पिवळी. मग तेवढाच भाग उन्हात धरा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सावलीत वाळवा म्हटलं त्याला हा एकच अपवाद.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे आपलं ऊन शेवटी कामाले आलं.

मांजर_मालकीण

दोन मांजरी आहेत. मॅटी चालेल का?

उरेब_पट्टी

मॅटीत नख अडकतं, धागा ओढला जातो. ड्रिल किंवा डक घ्या, विण घट्ट असली की नखाला पकड मिळत नाही. लोंबणारे बंदही नकोत, मांजरीला तेच खेळणं होतं. मागच्या खांबाला बंदाऐवजी आतून वेल्क्रो लावा.

सागवानी

पहिली खुर्ची झाली! म्हणून वर येऊन सांगते.

फोम खरंच बसला होता, तो बदलला. (मनीषनगरभाऊ, तुमचा मुद्दा कामी आला.) सीताबर्डीला पाहिलेल्या कापडापेक्षा गांधीबागेत जास्त आवडलं. राखाडीकडे झुकणारं निळं डक, ५४ पन्हा, पायरीवर नेऊन उजेडात पाहिलं. कूलरच्या डागांमुळे गडद घेतलं नाही. दोनदा धुतलं, मगच कात्री.

शिवायला आधी सोफा रिपेअरिंगवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ठोकून देतो, खोळ शिवत नाही. ड्रेसवाल्या टेलरला मांजरपाटाचा नमुना दाखवला तर तो खूश झाला, म्हणाला असा नमुना असेल तर काहीही शिवतो. मागच्या खाचेत उरेब पट्टी लावायला मी शेजारी उभी होते. खोळ खांबाभोवती अशी बसली आहे की बंद सोडले तरी सरकत नाही. लाकूड मोकळं राहिल्याने खुर्ची आजोबांचीच वाटते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं होतं.

आता हॉलच्या खुर्च्या आणि गॅलरीतली वेताची राहिली.

कूलर_चालू_करा

वेताच्या खुर्चीला खोळ घालू नका. तिची गंमतच ही की पाठीतून हवा खेळते. बैठकीवर दोन इंचांची सुटी गादी करा, खालून चार बंद, आणि गादीच्या खोळीला मागून चेन. पावसाची झड आली की उचलून आत.

उरेब_पट्टी

अभिनंदन ताई! हाताच्या खुर्च्यांचं माप घेताना एक विसरू नका. बैठक आणि पाठ यांच्यामधली फट, आणि बैठक आणि हात यांच्यामधली फट, दोन्हींत हात घालून पाहा किती आत जातो. तिथे प्रत्येक बाजूला चार इंच जास्तीचं कापड ठेवायचं आणि ते आत खोचायचं. हे कापड नसेल तर माणूस बसला की खोळ पाठीवरून ओढली जाते आणि शिवण उसवते. खोचल्यावर त्याच फटीत वर्तमानपत्राची घट्ट सुरळी दाबा, ती कापड धरून ठेवते. जुन्या घरांत फोमची नळी मिळायच्या आधी असंच करायचे.

एका खुर्चीला पाच-सहा मीटर धरा. उशी सुटी असेल तर तिची खोळ वेगळी शिवा, चेन मागच्या बाजूला. आणि कापड एकदमच घ्या, भाऊ म्हणाले तसं एकाच थानातून.

गांधीबाग_भाऊ

त्याच निळ्या थानात असंन तर पाहून ठेवतो ताई. आणि टेलरकडे आत्ताच नंबर लावा. पोळा, मारबत झाली की महालक्ष्म्यांचे ब्लाउज सुरू होते, मग नवरात्र. त्याच्यानंतर दिवाळीपर्यंत कोणताच टेलर खुर्चीकडे पाहत नाही.

सागवानी

उद्याच मांजरपाट घेऊन हॉलच्या खुर्च्यांवर टाचण्या लावायला बसते, आणि संध्याकाळी टेलरकडे जाते. बारा मीटर बाजूला ठेवा भाऊ.